तारखेचं हत्यार

लक्ष्मी रस्ता नदीकडं जिथं संपतो, तिथं नारायण पेठही संपते. त्या चौकाचं नाव लोकमान्य टिळक चौक, पुणेकरांच्या तोंडी अलका चौक. इथून नवी पेठेकडं जाणाऱ्या शास्त्री रस्त्याच्या आसपास आणि पेठांमधल्या वाड्यांत स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी हजारो मुलं कॉट बेसिसवर राहतात, मेसचे डबे खातात, अभ्यासिकेत दिवस काढतात. ११ मार्च २०२१ रोजी, महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची (एमपीएससी) १४ मार्चची राज्यसेवा पूर्वपरीक्षा पुढे ढकलल्याचं पत्रक आलं आणि थोड्याच वेळात हा रस्ता भरून गेला. मुळात ती परीक्षा ५ एप्रिल २०२० ला व्हायची होती. संध्याकाळी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी आठ दिवसांत परीक्षा घेण्याचं जाहीर केलं. रात्री पोलिसांनी ठिय्या मांडून बसलेले आमदार गोपीचंद पडळकर यांना ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी २१ मार्च ही तारीख ठरली.

अशा वेळी पोलिसांकडं काय असतं? आयुक्तांचा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश. आधीच पुढाऱ्यांच्या हाती पडणारी, फौजदारी प्रक्रिया संहितेतली ‘१४९ ची नोटीस’. आता संहिता बदलली, कलमाचा आकडा बदलला, नोटीस तीच. पोलीस अधिनियमाच्याच कलम ६८ प्रमाणे पोलिसांचं फर्मावणं ऐकलंच पाहिजे. नाही ऐकलं तर ६९ खाली गाडीत घालून न्यायचं आणि किरकोळ प्रकरण असेल तर सोडून द्यायचं. बाकी बॅरिकेड आणि वळवलेली वाहतूक. वाहतुकीची अडचण खरी आहे. पण हाच चौक विसर्जन मिरवणुकीला दिवसभराहून अधिक काळ मोकळा करून दिला जातो, आणि पोलीस ते चोख सांभाळतात. म्हणजे रस्ता किती वेळ अडू द्यायचा, हा निर्णय शेवटी सरकारच्या मर्जीचा असतो.

लाठी लोकांच्या लक्षात राहते. माझ्या मते लांबलेल्या आंदोलनाचा निकाल बहुधा तारीख लावते.

याचं जुनं उदाहरण जवळच सापडतं. अलका चौकापासून टिळकांच्या ‘केसरी’चा केसरीवाडा पायी काही मिनिटांवर. मुळशीच्या धरणविरोधी सत्याग्रहाला ‘केसरी’नं पाठबळ दिलं होतं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला मावळे टाटांच्या धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम थांबलं. कंपनीनं सहा महिन्यांची मुदत मान्य केली. विजय वाटावा असा तो क्षण होता, पण त्या मुदतीनं सरकारला आणि कंपनीला उसंत मिळाली. जमीन संपादनाचा १८९४ चा कायदा हाताशी होता. मुळशीतल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडं गेलेल्या, त्यांना भरपाई हवी होती. कुळांना धरणच नको होतं. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा कुळांची, वाटाघाट मालकांशी. फूट पाडायला लाठी लागली नाही. डिसेंबरात काम पुन्हा सुरू झालं, अटका सुरू झाल्या, आणि रोज भिंत चढत गेली. १९२४ च्या अखेरीस सत्याग्रहाचे नेते सेनापती बापट रेल्वे अडवण्यापर्यंत गेले आणि सात वर्षांच्या शिक्षेवर तुरुंगात गेले, तेव्हा गावं हातातून गेली होती.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) गजेंद्र चौहान यांच्या अध्यक्षपदावरच्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांनी केलेल्या संपातही वेळ सरकारच्या बाजूला होता. १२ जून २०१५ ला सुरू झालेला संप १३९ दिवस चालला. ऑगस्टमध्ये संचालकांना घेराव घातल्यानंतर मध्यरात्री पोलीस आवारात शिरले आणि पाच विद्यार्थ्यांना अटक झाली. देशभर ओरड झाली ती त्याची. दिल्लीत बैठका होत राहिल्या, निघालं काहीच नाही. २८ ऑक्टोबरला संप मागे घेतला गेला. जानेवारी २०१६ मध्ये चौहान यांनी बंदोबस्तात अध्यक्षपदाची सूत्रं घेतली.

एमपीएससीच्या मुलांचं गणित उलटं. परीक्षेची तारीख ठरलेली, म्हणून घाई सरकारला. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यसेवा मुख्य परीक्षेची नवी वर्णनात्मक पद्धत लगेच नको, २०२५ पासून लागू करा, म्हणून मुलं पुण्यात रस्त्यावर बसली. सरकारचं म्हणणं, आयोग स्वायत्त आहे, आम्ही फक्त विनंती करू शकतो. आयोग घटनात्मक संस्था आहे, हे खरंच. पण मग बोलायचं कुणाशी? शरद पवार रात्री मुलांमध्ये आले, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याशी फोनवर बोलले, आणि २३ फेब्रुवारीला आयोगानं मागणी मान्य केली. मुलांना उत्तर मिळायला पुढारी मध्ये यावा लागतो, याची मला चीड येते. निवेदनाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर देण्याचं बंधन आयोगावर असतं, तर बंदोबस्तावरच्या शिपायांची रात्रही वाचली असती.

ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा शास्त्री रस्ता. २५ तारखेच्या पूर्वपरीक्षेच्या दिवशीच बँक भरतीची आयबीपीएसची परीक्षा होती, शिवाय मुलांना त्या पूर्वपरीक्षेत कृषी सेवेच्या २५८ पदांचा समावेश हवा होता. पोलिसांनी मुलांना रात्रभर बसू दिलं, आणि तिसऱ्या दिवशी, २२ ऑगस्टला परीक्षा पुढे गेली. मागणी रास्तच होती. पण ती परीक्षा झाली १ डिसेंबरला. मधल्या तीन महिन्यांचं कॉटचं भाडं, मेसचं बिल आणि अभ्यासिकेची फी मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या घरांनी भरली. दोन परीक्षांच्या तारखा आधीच ताडून पाहिल्या असत्या, तर हा भुर्दंड कुणावरच पडला नसता.