पोलीस ठाण्याकडून माहिती मागवताना

कायदा : माहितीचा अधिकार अधिनियम, 2005. अंमल 12 ऑक्टोबर 2005 पासून. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा त्याआधीचा, 2002 चा.

अर्ज : जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारांना शुल्क नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांत. माहिती कशासाठी हवी, हे सांगावे लागत नाही. ठाण्यात विचारले जाते, ते वेगळे.

मुदत : 30 दिवस. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तास.

एफआयआर : फिर्यादीला प्रत विनामूल्य मिळते, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज नको. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानुसार एफआयआर साधारणपणे 24 तासांत संकेतस्थळावर यायला हवा. लैंगिक गुन्हे, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणे वगळून.

नकार कधी? कलम 8(1)(ज) : तपास, अटक किंवा खटल्यात अडथळा येणार असेल तर. मात्र ‘तपास चालू आहे’ एवढे कारण पुरत नाही. अडथळा कसा येईल हे दाखवावे लागते (दिल्ली उच्च न्यायालय, 2007). खबऱ्यांची ओळख उघड होत असेल, तरीही माहिती नाकारता येते.

सीसीटीव्ही : ठाण्यातील चित्रण 18 महिने जपावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा आदेश. अर्जात तारीख आणि वेळ नेमकी लिहावी.

अपील : पहिले 30 दिवसांत, वरिष्ठ अधिकाऱ्याकडे. दुसरे 90 दिवसांत, राज्य माहिती आयोगाकडे. विनाकारण विलंबाला दंड दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000.