गिऱ्हाईक आणि धुणारा हात



गाडी धुण्याच्या धंद्यावर व्याख्यान कसले, असे काहींना वाटेल. परंतु आज नांदेडला किंवा लातूरला एखाद्या मोठ्या रस्त्याने निघालात, तर पत्र्याची शेड, पाण्याची टाकी, दाबाचा पंप आणि विजारी दुमडून उभी असलेली तीन-चार मुले असे ‘वॉशिंग सेंटर’ दिसल्यावाचून राहत नाही. थोडी जागा आणि थोडे भांडवल एवढ्यावर हा धंदा उभा राहतो, म्हणून बेकार तरुण त्याकडे वळतात. पण उभा राहतो तितक्याच लवकर तो बसतोही, आणि शेड बंद पडली की चार घरांच्या चुलींवर संकट येते. कामगार संघटनेत माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून या धंद्याकडे मी त्या चार घरांच्या बाजूने पाहतो.

पूर्वी गावगाड्यात परीट, न्हावी, सुतार यांची घरे बांधलेली असत. त्या व्यवस्थेत जातीचे जोखड होते, तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. मात्र आता गिऱ्हाईक वारशाने मिळत नाही. ते मिळवावे लागते, आणि मिळवलेले रोज राखावे लागते.

नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनासाठी दूरदूरच्या गाड्या येतात. तो यात्रेकरू एकदा गाडी धुऊन गेला की पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. मग त्याच्यापाशी काम कसेही उरकले तर काय बिघडले? बिघडते ते असे की, त्याला तुमच्याकडे पाठवणारा लॉजवाला आणि टॅक्सीवाला इथलेच असतात. खरे कायमचे गिऱ्हाईक ते आहेत. यात्रेकरू नाराज होऊन गेला, तर ते पुढची गाडी दुसरीकडे पाठवतात. लातूरच्या अडत्याचे किंवा डॉक्टरचे निराळे. त्याला चकाकीइतकीच वेळेची किंमत आहे. ‘दहाला गाडी तयार’ म्हटले की दहाला ती तयार हवी. शक्य नसेल तर आधीच अकरा सांगावे.

आता कामाकडे वळू. ‘डिटेलिंग’ हे नवे नाव झाले. अर्थ एवढाच की गाडी आतून-बाहेरून, कानाकोपऱ्यासह निगुतीने साफ करून तिचा रंग राखणे. आजच्या मोटारीच्या रंगावर एक पातळ पारदर्शक थर असतो. लोहा-अहमदपूरच्या वाटेने आलेल्या गाडीवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसली, तर धुळीतले बारीक कण त्या थरावर ओरखडे पाडतात आणि उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. म्हणून आधी धूळ पाण्याने सैल करावी. दोन बादल्या ठेवाव्यात, एक साबणाची आणि एक फडके खळबळण्याची. वरून खाली यावे. चाके शेवटी, आणि त्यांचे फडके वेगळे. कपड्यांची पावडर वापरू नये, तिने रंगावरचे मेण निघून जाते. काम सावलीत करावे, आणि बोअरचे जड पाणी अंगावर वाळू देऊ नये; त्याचे पांढरे डाग पडतात.

गाडी हाती घेताच जुने ओरखडे मालकाला दाखवावेत. आतली कागदपत्रे, चिल्लर, चष्मा पिशवीत घालून तसेच परत करावेत. दर पाटीवर लिहावेत. डाग राहिला अशी तक्रार आली, तर वाद न घालता तेवढे काम पुन्हा करावे. एक वही ठेवून तीत गाडीचा नंबर, तारीख आणि केलेले काम लिहावे. पुढच्या वेळी त्या वहीमुळे गिऱ्हाइकाला ओळख पटते.

पाण्याचा प्रश्न तर आपल्याकडे टाळताच येणार नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. एका गाडीला २०० लिटर धरले, तर त्या साऱ्या रेल्वेत २,५०० मोटारी धुऊन होतील! ज्या शहराने ते दिवस पाहिले, तिथे रस्त्यावर वाहणारे पाणी गिऱ्हाइकाच्याही डोळ्यांत खुपते. आपली नळी १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून पाहावे. म्हणजे गाडीमागचा खर्च कळेल. वाहून जाणारे पाणी टाकीत घेऊन, गाळ बसवून, ते निदान चाकांसाठी पुन्हा वापरावे. टंचाईत ओल्या फडक्याने चालणारी कामे आणि आतली सफाई पुढे करावी. असा धंदा उन्हाळ्यातही उघडा राहू शकतो.

आता सर्वांत मोठा मोह, तो दर पाडण्याचा. समजा, एका गाडीचे ४०० रुपये मिळतात आणि साहित्य, पाणी, वीज, मजुरी मिळून २८० जातात. उरले १२०. शेजाऱ्याने दर उतरवला म्हणून तुम्ही ३०० केलेत, तर उरतात २०. तेवढेच १२० मिळवायला आता ६ गाड्या धुवाव्या लागतील. तेवढ्या गाड्या येत नाहीत; मग कात्री लागते ती पोरांच्या मजुरीला. जाणता मुलगा सोडून जातो, नवखा येतो, गाडीवर ओरखडा पडतो, आणि ज्या गिऱ्हाइकासाठी दर पाडला तेच जाते.

गिऱ्हाईक शेडवर येते तेव्हा ‘तो नेहमीचा मुलगा आहे का?’ असे विचारते, हे ध्यानात घ्या. त्याची ओढ त्या हाताशी असते. तो हात दिवसभर पाण्यात आणि रसायनांत असतो. त्याला हातमोजे आणि बूट द्या. ओल्या जमिनीवर विजेचा पंप चालतो, तेव्हा अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारे बटण हवेच. तिथे काटकसर म्हणजे जिवाशी खेळ. मजुरी ठरल्या दिवशी द्या, आठवड्याची सुटी द्या, आणि कसब वाढले की पगारही वाढवा.

याला कोणी उपकार समजू नये. हा धंद्याचाच हिशेब आहे. आणि आपण जे गाडी धुवायला नेता, त्या आपणही दहा रुपयांची घासाघीस करण्यापूर्वी ते दहा रुपये कोणाच्या ताटातून जातात, एवढा विचार जरूर करावा.