शंभर फुटांचा दिवस

सकाळी 7:30
परभणी जिल्ह्यातल्या येलदरीतलं घर. दहा बाय दहाचं स्वयंपाकघर रिकामं करून गॅस, भांडी ओसरीत मांडली आहेत. जुनी फरशी मधोमध खचली होती. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरच्या जमिनीलाही हलवते. म्हणून मागच्या आठवड्यात वीतभर माती काढून मुरूम भरला, पाणी मारून धुम्मस केली, वर खडीच्या काँक्रीटचा थर टाकला. आज फरशी.

8:00
पारदर्शक नळीत पाणी भरून मिस्त्री चारही भिंतींवर पातळीच्या खुणा करतो. मोरीकडे इंचभर ढाळ.
"सपाटच करा ना मिस्त्री, बरी दिसंल."
"सपाट केली तर धुतलेलं पाणी ओट्याखाली बसंल, काकू. डोळ्याला कळणार नाही एवढाच ढाळ देतो."

9:00
अंगणात शहाबादी फरशा उभ्या लावल्या आहेत. दोन बाय दोनच्या, शंभर चौरस फुटांना पंचवीस. येलदरीत दगडाला तोटा नाही, पण तो लाव्ह्याचा काळा पत्थर. त्याचे पातळ पत्रे निघत नाहीत. शहाबादी हा चुनखडीचा दगड, थरावर थर साचून झालेला, म्हणून खाणीतच थरांवरून सुटतो. तो येतो कलबुर्गी जिल्ह्यातून. बिगारी फरशांच्या पाठी घासून धुतो. मिस्त्री एका रंगाच्या दारासमोर ठेवतो, डागाळलेल्या ओट्याखाली.

10:00
एक घमेलं सिमेंटला सहा वाळू. दोन इंचांच्या थराला अडीच-तीन पोती सिमेंट जातं. दोरी ताणली, गुण्या लावला, दारासमोरच्या कोपऱ्यातून सुरुवात. माल पसरायचा, वर सिमेंटचा पातळ घोळ, मग फरशी आणि लाकडी हातोड्याचे ठोके. चौथी फरशी बद्द वाजते. मिस्त्री ती उचलतो, खाली मूठभर माल टाकून पुन्हा बसवतो. पोकळ राहिली तर एखाद दिवशी वरवंटा पडेल आणि तिथेच तडकेल.

दुपारी 1:00
ओसरीत भाकरी, पिठलं, ठेचा.

2:00
कडेचे तुकडे कापायचे आणि वीज जाते. येलदरी धरणाच्या पायथ्याला वीजघर आहे म्हणून गावाला सूट नाही. कटर थांबतो, तोवर अख्ख्या फरशांच्या दोन ओळी पुढे सरकतात.

4:30
वीज आली. तुकडे कापून बसले, दाराशी शेवटची फरशी. सांध्यांत सिमेंट भरून ओल्या पोत्यानं पुसून घेतलं.
"हे सिमेंटचे डाग ॲसिडनं काढू का?"
"अजिबात नको. चुन्याचा दगड आहे, खाऊन टाकील. लिंबू, चिंच सांडली तरी लगेच पुसा. उद्यापासून आठवडाभर पाणी मारा, मग पॉलिश."

6:00
टेप लावून माप: शंभर चौरस फूट. दर ठरलेला आहे, पण तो फक्त वरच्या फरशीचा.
"काकू, माती काढली, मुरूम भरला, ते मापात कुठंच येत नाही."
"मग ते आधी नाही का सांगायचं?"
"आधी सांगितलं की लोक म्हणतात, मातीवरच बसवा."
काकू हिशेब करतात आणि बिगाऱ्याची दोन दिवसांची मजुरी वेगळी धरतात. मिस्त्री आकडा वहीत लिहितो. ओट्याचा कडाप्पा परवा आणायचा ठरतो.