शाळेची परसबाग: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शालेय पोषण आहारासाठी, म्हणजे 2021 पासून 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यान्ह भोजन योजनेसाठी, लागणारी भाजी विद्यार्थ्यांनी शाळेच्याच आवारात पिकवावी, या हेतूने केंद्र शासनाने 2019 मध्ये शालेय पोषण बागांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. महाराष्ट्रात हीच कल्पना परसबाग या जुन्या, घरगुती नावाने रुजली असून तिच्या स्पर्धाही तालुका आणि जिल्हा पातळीवर भरू लागल्या आहेत. मात्र तिचे कौतुक करणारे आणि तिला नावे ठेवणारे, असे दोघेही काही चुकीच्या समजुती धरून बोलतात, असे अनेकदा आढळते.

यातला सर्वांत मोठा गैरसमज असा, की बाग केली म्हणजे शाळेचा भाजीचा प्रश्न कायमचा मिटला आणि उरलेली भाजी गावालाही पुरेल. योजनेच्या निकषानुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलाला रोजच्या जेवणात 50 ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम भाजी मिळावयास हवी. प्राथमिक शाळेचा पट शंभर असेल तर दिवसाला 5 किलो भाजी लागते आणि शिक्षण हक्क कायद्याने ठरवून दिलेले किमान 200 कामाचे दिवस धरले, तर वर्षाची गरज 10 क्विंटलांवर जाते. आता जमिनीचा हिशेब पाहू. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, सुमारे 100 चौरस मीटर. त्यातील पायवाटा आणि पाट वगळले तर प्रत्यक्ष वाफ्यांखाली 65 चौरस मीटरांच्या आसपास जागा उरते. पालकाचे उत्पादन हेक्टरी साधारण 10 टन, म्हणजे चौरस मीटरला एक किलो धरले, तर एका पिकाला 65 किलो भाजी निघेल आणि पाण्याची सोय चांगली असताना वर्षात चार पिके घेतली, तरी अडीच क्विंटलांच्या पुढे जाणे अवघडच. तात्पर्य, शंभर पटाच्या शाळेची एक गुंठ्याची बाग उत्तम राखली तरी जेमतेम चौथा हिस्सा भरून काढते. बाकीची भाजी बाजारातूनच आणावी लागते आणि तिच्यासाठीच्या अनुदानाची गरज बागेमुळे संपत नाही.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र सहसा कोणी पाहत नाही. वाडीवस्तीवरच्या वीस पटाच्या शाळेला दिवसाला एकच किलो आणि वर्षाला दोन क्विंटल भाजी लागते, म्हणजे तोच एक गुंठा तिची सारी गरज भागवून शेजारच्या अंगणवाडीलाही थोडीबहुत भाजी देऊ शकतो. परसबाग मोठ्या शाळेलाच शोभते, ही समजूत त्यामुळे उलटी ठरते. ज्या शाळा पटसंख्येअभावी बंद करण्याच्या गोष्टी चालतात, त्यांच्याच ताटाला बागेचा खरा आधार होऊ शकतो. अट एवढीच, की सगळे वाफे एकाच दिवशी पेरू नयेत. मेथी चार आठवड्यांत काढणीला येते. सहा वाफ्यांत आठ-आठ दिवसांच्या अंतराने बी टाकले तर दर आठवड्याला एक वाफा तयार मिळतो, आणि सारे एकदम पेरले तर एका आठवड्यात जुड्यांचे ढीग पडून पुढचा महिना कोरडा जातो. स्पर्धेच्या तपासणीची तारीख पाहून लावलेल्या बागांचे नेमके हेच होते: छायाचित्रात त्या हिरव्यागार दिसतात, पण खिचडीत त्यांचा माग लागत नाही.

विद्यार्थ्यांकडून खुरपणी करून घेणे ही बालमजुरी होय, हा आक्षेप वरवर पाहता रास्त वाटतो आणि तो नवाही नाही. ऑक्टोबर 1937 मधील वर्धा शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाद्वारे शिक्षणाची, म्हणजे नई तालीमची, कल्पना मांडली आणि मुलांनी केलेल्या वस्तूंतून शाळेचा खर्च निघावा अशी अपेक्षा व्यक्त केली, तेव्हाही शाळांचे कारखाने होतील अशी टीका झाली होती. आजच्या कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास मनाई आहे. परंतु कार्यानुभवाच्या तासाला रोपांची नांगी भरणे, म्हणजे मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावणे, किंवा वाफ्याचे क्षेत्रफळ काढून बियाण्याचे प्रमाण ठरवणे हे शिकण्याचेच काम आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या व्यवसाय-परिचयात बागकामाचा समावेश केला आहे. उशिरा आलेल्या मुलाला शिक्षा म्हणून तण काढायला लावले, किंवा गणिताचा तास बुडवून पाणी वाहायला लावले, तर मात्र आक्षेप खरा ठरतो.

सेंद्रिय म्हणजे निर्धोक, हा समज अधिक जपून तपासावयास हवा. शाळेच्या बागेत रासायनिक कीटकनाशके नकोत हे योग्यच आहे; पण त्यांच्या जागी जो दशपर्णी अर्क वापरला जातो, म्हणजे दहा वनस्पतींचा पाला गोमूत्र-शेणासह सडवून केलेला द्राव, त्यात कडुनिंब आणि निर्गुडीबरोबर कण्हेर, रुई आणि एरंड यांचीही पाने असतात. कण्हेर हृदयाला घातक विष आहे आणि रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. म्हणून असा अर्क मोठ्यांनीच करावा, गाळावा, फवारावा आणि लहानांचा हात लागणार नाही असा ठेवावा. हीच गोष्ट खताची: ताज्या शेणात रोगजंतू असतात, त्यामुळे पालेभाजीला पूर्ण कुजलेलेच शेणखत घालावे आणि भाजी शिजवण्यापूर्वी दोन-तीन पाण्यांनी धुवावी.

पालक खाल्ला की रक्त वाढते, हेही अर्धसत्य आहे. 2016 ते 2018 च्या राष्ट्रीय सर्वंकष पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी 24 टक्के मुलांत रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, आढळला. तो एकट्या पालेभाजीने हटणारा नाही, कारण वनस्पतींतले लोह शरीरात फार थोडे शोषले जाते. जेवणात लिंबू पिळल्यास त्यातील क जीवनसत्त्वामुळे हे शोषण वाढते, म्हणून बांधावर एक लिंबाचे झाड असणे शहाणपणाचे. पालेभाजीचे मोठे देणे म्हणजे फोलेट आणि अ जीवनसत्त्वात रूपांतर होणारे कॅरोटीन. पण कॅरोटीन शोषले जाण्यासाठी थोडे तेल लागते, त्यामुळे नुसती उकडलेली भाजी वाढून भागत नाही.

पाण्याची सबब बरीचशी पोकळ आहे. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी वाफ्यांना थेट चालते आणि साबणाने हात धुतलेले पाणी पालेभाजीऐवजी केळी आणि शेवग्याच्या आळ्यांत सोडता येते.

खरी अडचण सुट्टीची आहे. शाळा जूनच्या मध्यास आणि विदर्भात त्याहून उशिरा उघडते, त्यामुळे भेंडी, गवार, दोडका ही पावसाळी पिके पहिल्या पंधरवड्यात पेरली गेली, तरच दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांची तोडणी मुलांच्या पानात पडते. उन्हाळ्यात वाफे मोकळे ठेवणेच बरे. शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू मात्र जगवावी लागतात, आणि त्यांना मे महिन्यात पाणी कोण घालणार हे शाळा व्यवस्थापन समितीने एप्रिलच्या सभेतच, नावानिशी, इतिवृत्तात नोंदवून ठेवावे.