१२ अधिक ३ म्हणजे १२३? आज्ञावलीतील चूक आधीच पकडणारा तपासनीस

यवतमाळ : शेतकऱ्याने सकाळी १२ क्विंटल कापूस आणला, दुपारी आणखी ३ क्विंटल. बेरीज १५. परंतु नोंदी ठेवणाऱ्या संगणकाने ती १२३ दाखविली तर? 'जावास्क्रिप्ट' या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीत असे सहज घडू शकते. ऑनलाइन अर्जाच्या चौकटीत भरलेला आकडा या भाषेला अंक म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून मिळतो. मजकुराला अंक जोडला की बेरीज होत नाही. दोन्ही एकापुढे एक चिकटतात. आज्ञावली थांबत नाही, तक्रारही करीत नाही. चूक थेट हिशेबात उतरते.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या दहा दिवसांत या भाषेचे पहिले रूप तयार केले. कोठे अंक ठेवायचा नि कोठे मजकूर, हे आधी सांगण्याचे बंधन तिच्यात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये 'टाइपस्क्रिप्ट' ही तिची भगिनीभाषा आणली. तिच्यासोबतचा तपासनीस आज्ञावली न चालविता, केवळ वाचून असे घोटाळे दाखवितो.

मात्र, हजारो ओळींचे जुने प्रकल्प नव्या भाषेत लिहून काढणे सर्वांना परवडत नाही. त्यावर २०१७ मधील २.३ या आवृत्तीने मार्ग काढला. जावास्क्रिप्टच्या फाइलच्या माथ्यावर 'टीएस-चेक' ही एका ओळीची सूचना लिहिली की, तोच तपासनीस त्या फाइललाही लागू होतो. बेरीज करणाऱ्या फंक्शनच्या वर 'येथे अंकच हवा' असे ठरावीक पद्धतीच्या टिपेत नोंदविले, तर चौकटीतील मजकूर तेथे पाठविताच तो हरकत घेतो. मूळ आज्ञावलीच्या चालण्यात या टिपांमुळे फरक पडत नाही.

पहिल्याच तपासणीत शेकडो हरकती निघू शकतात. त्यामुळे संपूर्ण प्रकल्प एकदम हाती न घेता पैशांचा हिशेब करणाऱ्या फायलींपासून आरंभ करणे श्रेयस्कर. ही साधने विनामूल्य असल्याने यवतमाळ, पुसद येथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनाही आपल्या प्रकल्पांवर ती वापरून पाहता येतील.

या उपायाला मर्यादाही आहेत. २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जावास्क्रिप्टमधील ४०० चुका तपासल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे १५ टक्के चुका अशा तपासनीसाने आधीच पकडल्या असत्या. १५ क्विंटलऐवजी कोणी ५१ टंकले, तर तोही अंकच असल्याने तपासनीस गप्प राहतो. तेथे काट्याची पावती पुन्हा पाहावीच लागते.