जुन्या पॅरिसचा दफ्तरदार

पॅरिसमधील वळणावळणाच्या जुन्या वस्त्या पाडून तेथे सरळ, रुंद रस्ते काढण्याचे काम १८५३ नंतर ओस्मान यांच्या अमलात सुरू झाले. ही पाडापाड पुढेही कित्येक दशके थांबली नाही. जे नाहीसे होणार ते काचेवर उतरवून ठेवण्याचे कार्य युजीन आत्जे यांनी सुमारे तीस वर्षे एकट्याने केले.

आत्जे यांचा जन्म १८५७ मधला, बोर्दोजवळच्या लिबूर्न गावचा. बालपणीच मातापित्यांचे छत्र हरपले. काही काळ जहाजावर, नंतर फिरत्या नाटक मंडळीत दुय्यम भूमिका. तेथेही जम न बसल्याने त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय धरला. दारावर पाटी लावली, ‘चित्रकारांसाठी दस्तऐवज’. कलावंत म्हणवून घेण्याची हौस त्यांना नव्हती.

भल्या पहाटे भात्याचा जड कॅमेरा, तिवई आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचा घेऊन ते निघत. काचेवर चित्र उमटण्यास वेळ लागे. तेवढ्यात कोणी समोरून गेलाच, तर त्याची धुरकट छाया तेवढी उरे. दरवाजांच्या कड्या, जिन्यांचे कठडे, दुकानांच्या पाट्या, शहराच्या वेशीवर राहणाऱ्या चिंध्या वेचणाऱ्यांच्या झोपड्या, हे त्यांचे विषय.

अखेरची वीस वर्षे त्यांचा आहार पाव, दूध आणि साखर एवढाच होता. इतर अन्न त्यांना विषवत वाटे. रसपरित्यागात दूध-साखरही सुटते, म्हणून त्यास ते नाव देता येणार नाही. तथापि हा नियम त्यांनी कोणाच्या आज्ञेवाचून पाळला.

१९१४ मध्ये सहचारिणी व्हॅलेंटाइन हिचा मुलगा युद्धात पडला. आपल्यामागे या काचांचे काय होणार, ही चिंता वृद्ध आत्जे यांना ग्रासू लागली. अवघे जुने पॅरिस आपल्यापाशी आहे, अशा आशयाचे पत्र त्यांनी शासनास लिहिले. १९२० मध्ये २,६२१ काचा दहा हजार फ्रँकला सरकारजमा झाल्या. त्या सुरक्षित झाल्या, याचेच त्यांना समाधान.

१९२६ मध्ये शेजारी राहणारे चित्रकार मॅन रे यांनी त्यांचे एक छायाचित्र नियतकालिकात छापण्यास मागितले. आत्जे यांनी ते दिले, पण नाव घालू दिले नाही. पुढच्याच वर्षी तरुण अमेरिकन छायाचित्रकार बेरेनिस ॲबट हिने त्यांची छबी टिपली. ती दाखवण्यास ती गेली, तोवर आत्जे निवर्तले होते. ४ ऑगस्ट १९२७ हा तो मृत्युदिन. उरलेला संग्रह तिने खटपट करून विकत मिळवला आणि चाळीस वर्षे सांभाळला. १९६८ मध्ये तो न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने घेतला.