अमेरिकेतील ‘एफएफए’ : शेतीशिक्षणातील विद्यार्थी-संघटना आणि सदस्यत्वाचा अर्थ

प्रस्तावना

शालेय व महाविद्यालयीन जीवनात विद्यार्थी अनेक मंडळांचे सभासद होतात. यादीत नाव येते, वर्गणी भरली जाते, वर्षअखेरीस प्रमाणपत्रही मिळते. परंतु त्या मंडळाविषयी आपलेपणा निर्माण होतोच असे नाही. नावापुरते सदस्यत्व आणि आपलेपणा यांतील हे अंतर कसे कमी होते, हा शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न होय. या संदर्भात अमेरिकेतील ‘नॅशनल एफएफए ऑर्गनायझेशन’ ही शेतीशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संघटना अभ्यासनीय ठरते. प्रस्तुत लेखात या संघटनेची जडणघडण, कार्यपद्धती आणि सदस्यत्वाच्या बदलत गेलेल्या सीमा यांचे विवेचन केले आहे.

संघटनेची जडणघडण

१९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यामुळे अमेरिकेतील सार्वजनिक शाळांमधील व्यावसायिक शेतीशिक्षणाला संघराज्य सरकारचे अर्थसाहाय्य मिळू लागले. शेतीचे वर्ग सुरू झाले, तरी शेतकऱ्यांच्या मुलांमध्ये आत्मविश्वास व नेतृत्वगुण कसे वाढवावेत, हा प्रश्न शिल्लक होता. व्हर्जिनियातील शेतीशिक्षक हेन्री ग्रोसक्लोज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२६ मध्ये त्या राज्यापुरती विद्यार्थी-संघटना उभारली. त्याच धर्तीवर नोव्हेंबर १९२८ मध्ये कॅन्सस सिटी येथे १८ राज्यांतील ३३ प्रतिनिधींनी ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ या राष्ट्रीय संघटनेची स्थापना केली. १९५० मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिला कायद्याने सनद दिली.

सदस्यत्वाची कार्यपद्धती

या संघटनेचे वैशिष्ट्य असे की, ती अभ्यासक्रमाबाहेरील विरंगुळा मानली जात नाही. वर्गातील अध्यापन, शिक्षकाच्या देखरेखीखालील प्रत्यक्ष शेती-अनुभव आणि संघटनेतील नेतृत्व-प्रशिक्षण ही शेतीशिक्षणाची परस्परपूरक अंगे समजली जातात. विद्यार्थी एखादे जनावर पाळतो, रोपवाटिका चालवितो, कृषिव्यवसायात नोकरी करतो किंवा प्रयोग हाती घेतो. त्याच्या जमाखर्चाची व कामाची नोंद त्याने स्वतः ठेवावयाची असते. वर्गशिक्षकच शाखेचा सल्लागार असल्यामुळे वर्ग, शेत आणि सभा यांचा सांधा जुळतो.

सभेचे स्वरूपही उद्बोधक आहे. अध्यक्षाचे स्थान उगवत्या सूर्याच्या प्रतीकापाशी, उपाध्यक्षाचे नांगरापाशी, सचिवाचे मक्याच्या कणसापाशी, तर सल्लागार शिक्षकाचे घुबडाच्या प्रतीकापाशी असते. सभेच्या प्रारंभी प्रत्येक पदाधिकारी आपल्या प्रतीकाचा अर्थ व आपले कर्तव्य सर्वांसमक्ष सांगतो. अशा रीतीने पदाबरोबर येणारी जबाबदारी उच्चारली जाते. ठराव मांडणे, त्यास अनुमोदन देणे, चर्चा व मतदान या सभाशास्त्राच्या अंगांचा सराव स्पर्धांमधूनही घडतो.

सदस्यत्वाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. माध्यमिक स्तरावरील नवशिक्या सभासदाला ‘ग्रीनहँड’ ही पहिली पदवी मिळते; त्यानंतर शाखा, राज्य व राष्ट्र या स्तरांवरील पदव्या येतात. सर्वोच्च राष्ट्रीय पदवीसाठी किमान ३ वर्षांचे सदस्यत्व, स्वतःच्या उपक्रमाची भरीव नोंद आणि ५० तासांची समाजसेवा अपेक्षित असते. १९३३ पासून रूढ झालेल्या निळ्या कॉर्डुरॉय जाकिटावर समोर सभासदाचे, तर पाठीवर राज्याचे व शाखेचे नाव असते. व्यक्ती, गाव आणि राज्य यांचे नाते एका वस्त्रावर दिसावे, हा त्याचा विशेष होय.

सदस्यत्वाच्या सीमा

तथापि हे जाकीट सर्वांना सारखेच उपलब्ध नव्हते. वर्णभेदाने विभागलेल्या शाळांतील कृष्णवर्णीय मुलांसाठी ‘न्यू फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही स्वतंत्र राष्ट्रीय संघटना १९३५ मध्ये टस्कीगी येथे स्थापन झाली. तिचे जाकीट काळे होते आणि बोधचिन्हात कापसाचे बोंड होते. १९६५ मध्ये ती एफएफएमध्ये विलीन झाली, तेव्हा तिचे सभासद ५० हजारांहून अधिक होते. विलीनीकरणाने भेदाची भिंत पडली; परंतु नाव, रंग, बोधचिन्ह आणि पदे मात्र मोठ्या संघटनेचीच कायम राहिली. कृष्णवर्णीय विद्यार्थी राष्ट्रीय अध्यक्षपदी निवडून येण्यास १९९४ साल उजाडावे लागले. शिकागोसारख्या महानगरातील कृषी विद्यालयातून आलेले कोरी फ्लोर्नॉय हे ते अध्यक्ष होत. प्रवेशाचा हक्क मिळणे आणि आपली खूण व आपला आवाज टिकणे या भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

मुलींना राष्ट्रीय स्तरावर पूर्ण सदस्यत्व १९६९ मध्ये मिळाले आणि १९८२ मध्ये जॅन एबर्ली या पहिल्या महिला राष्ट्रीय अध्यक्ष झाल्या. १९८८ मध्ये संघटनेने आपले नावही बदलले. शेतीशिक्षण केवळ भावी शेतकऱ्यांपुरते मर्यादित न राहता कृषिविज्ञान, अन्नप्रक्रिया व व्यापार यांपर्यंत विस्तारले होते; त्या वास्तवाची ही दखल होती.

समारोप

२०२४ मध्ये एफएफएची सभासदसंख्या १० लाखांच्या पुढे गेली. अनेक ठिकाणी शेतीशिक्षणाच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला आपोआप सभासद करून घेण्याची पद्धत स्वीकारली गेली आहे. वर्गणीअभावी कोणी वगळला जाऊ नये, या दृष्टीने ती स्वागतार्ह होय. मात्र न मागता मिळालेले सदस्यत्व यादीपुरतेच राहण्याचा धोकाही त्यात आहे. या संघटनेच्या सुमारे शतकभराच्या वाटचालीवरून असे म्हणता येते की, विद्यार्थ्याला नेमके काम, त्या कामाची नोंद, सभेत बोलण्याची संधी आणि स्वतःची ओळख न पुसता मिळालेले स्थान या चार गोष्टी लाभल्या तरच आपलेपणा रुजतो. यांची तजवीज अखेरीस शाखेच्या सल्लागार शिक्षकालाच करावी लागते. कोणत्याही विद्यार्थी-मंडळाचे मूल्यमापन करताना सभासदसंख्येच्या जोडीने हे निकषही विचारात घेणे आवश्यक आहे.